विलास, लिफ्टर कसा असावा?

विलास,

तुझ्या दशक्रियेला माईकवर बरीच मंडळी बोलली. सोसायटीतले बोलले, डेअरीवाले बोलले. एक पुढारी तर असा बोलला की जणू तुम्ही दोघं लहानपणी एका ताटात जेवत होता. मला माहीत आहे, त्याने तुझ्याबरोबर कधी अर्धा कप चहासुद्धा घेतलेला नाही. कुणी तुला कष्टाळू म्हणालं, कुणी मनमिळाऊ, कुणी हाकेला धावून जाणारा. सगळं खरं असेल. पण डिंगोऱ्याची व्हॉलीबॉलची टीम इतकी वर्षं ज्याच्या बोटांवर उभी होती, तो माणूस कुणाला आठवला नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठलो नाही. माईकवर भांडता येत नाही आणि मला तुझ्याशी भांडायचं आहे, म्हणून हे घरी बसून लिहितोय.

मांडवाबाहेर त्या पुढाऱ्याला मी गाठलंच. म्हटलं, साहेब, तुम्ही तो लिफ्टर होता हे बोलला नाहीत. तो म्हणाला, लिफ्टर म्हणजे? मी त्याला समजावून सांगितलं की मागून आलेला बॉल नेटजवळ बोटांवर घ्यायचा आणि पुन्हा वर उचलून द्यायचा, मग स्मॅशर उडी मारून तो पलीकडे आपटतो. तो म्हणाला, "म्हणजे मदतनीस." माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नकोस. आणि मग चपला शोधता शोधता लक्षात आलं की गेली वीस वर्षं मी स्वतः तुला हेच म्हणत आलोय.

हे आपलं जुनं भांडण. टीम बांधायची तर कुणाभोवती बांधायची? मी म्हणायचो, स्मॅशरभोवती. पॉइंट तो काढतो, समोरचे घाबरतात त्याला, यात्रेत पोरं नाव घेतात त्याचं. तू म्हणायचास, लिफ्टरभोवती. मी म्हणायचो, तू स्वतः लिफ्टर आहेस म्हणून असं म्हणतोस. तू हसून म्हणायचास, "आन् तू काय हाईस, अंपायर?" तिथून पुढे चहा गार होईपर्यंत आपलं चालायचं. मंगल वहिनी एकदा म्हणाल्या होत्या की दोन भावांची जमिनीची भांडणं मिटली या गावात, पण तुमचं हे मिटायचं नाही. ते मिटलं नाहीच. तू मधूनच उठून गेलास.

तू काय करायचास हे मला फार उशिरा कळलं. मैदानावर पोरं जमायला लागली की तू एकेकाला विचारायचास, "लाईट कधीची हाय तुझ्याकडं?" मला वाटायचं, शेतकऱ्यांच्या गप्पा. एका आठवड्यात दिवसा लाईट, दुसऱ्या आठवड्यात रात्री, त्यातही गावाच्या अलीकडच्या डीपीवर एक वेळ आणि ओढ्यापलीकडच्या डीपीवर दुसरी. विहिरीवरच्या मोटारीच्या मागे रात्र काढणाऱ्या माणसाने दुसरं काय बोलावं? पुढे कधीतरी लक्षात आलं की ज्याने रात्रभर दारं धरली, उसाला नाहीतर कांद्याला पाणी दिलं, त्याला तू त्या संध्याकाळी बॉल कमी द्यायचास. दिला तरी सोपा द्यायचास, नेटपासून जरा लांब, निवांत उडी मारता येईल असा. आणि जो दिवसा झोपून आलाय त्याला एकामागून एक. ज्याला कमी बॉल मिळायचे त्यालाही कळायचं नाही की त्याला सांभाळलं जातंय. त्याला वाटायचं, आज आपल्या बाजूला बॉल येत नाहीये एवढंच. हे मी तुला बोलून दाखवलं तेव्हा तू म्हणालास, "गप. सांगशील कोणाला तर मोडंल सगळं."

तुझी दुसरी खोड मात्र मला कधीच पटली नाही. जो चुकला त्यालाच पुढचा बॉल. कुणी स्मॅश नेटमध्ये मारला, की तुझा पुढचा बॉल पुन्हा त्याच्याकडेच. सामना चुरशीला आलेला असो, मी मोकळा उभा असो, हात वर करून ओरडत असो, तू ढुंकून पाहायचा नाहीस. मी चिडायचो. अरे, हा खेळ आहे की बालवाडी? तुझं म्हणणं, आता नाही दिला तर तो पोरगा राहिलेला सगळा सामना भीतभीत खेळेल, मग आपण पाचच जण उरलो. माझं म्हणणं, सामना हरलो तर पाच काय आणि सहा काय. यात किती सामने तू घालवलेस आणि किती जिंकून दिलेस याचा हिशेब मी कधी मांडला नाही. आजही सांगतो, मंचरच्या टीमविरुद्धच्या त्या शेवटच्या पॉइंटला बॉल मलाच द्यायला पाहिजे होतास.

पण आपल्या भांडणाला खरी धार आली ती दाजींमुळे.

तुला आठवतंय ना? तुझ्या ताईचे मालक, बोरी बुद्रुकचे दाजी. त्या मुलखात त्यांच्यासारखा लिफ्टर नव्हता. यात्रेला ते सासुरवाडीला आले, आणि आपल्याकडची रीत अशी की जावई यात्रेला आला आणि त्याला खेळता येत असलं तर त्याने सासुरवाडीकडून खेळायचं. तू आपणहून तुझी जागा त्यांना दिलीस आणि मागे जाऊन उभा राहिलास. मीच तेव्हा सगळ्यांत जास्त खूश होतो. म्हटलं, आता बघा. अख्खी टीम आपण दाजींभोवती बांधली. कोण कुठे उभं राहणार, कोण कुठून धावणार, सगळं दाजींना सोयीचं पडेल असं.

दाजींच्या हातात खोट नव्हती. बॉल त्यांच्या बोटांवरून सुटायचा तेव्हा आवाजसुद्धा यायचा नाही. पण बोरीचा त्यांचा स्मॅशर डावखुरा होता. वर्षानुवर्षं त्याला बॉल देऊन देऊन दाजींचा हात तिथेच बसला होता. आपण सगळे उजवे. प्रत्येक बॉल हातभर पलीकडे पडायचा. एक शब्द पुरला असता. "दाजी, जरा अलीकडं." आणि तो शब्द आपल्यातल्या एकाच्याही तोंडून फुटला नाही. मी उडी मारायचो, बॉल हुकायचा, खाली यायचो आणि म्हणायचो, "चालतंय, पावणं." तू मागून म्हणायचास, "भारी लिफ्ट, दाजी." जावयाला भर मैदानात, सासऱ्यासमोर, यात्रेच्या गर्दीत चूक दाखवायची म्हणजे काय? सगळे मूग गिळून बसलो आणि सरळ दोन सेटमध्ये हरलो. संध्याकाळी तुझ्या ओट्यावर दाजींनी बिचाऱ्यांनी विचारलंसुद्धा, की माझं काही चुकलं का. आणि आपण सगळे एका सुरात, "न्हाई न्हाई पावणं, आज नशीबच न्हवतं." वर तुझ्या वडिलांनी त्यांना टोपी-टॉवेल दिला.

त्या हरण्यातून तू एक धडा घेतलास आणि मी दुसरा. तू म्हणालास, "लिफ्टर निवडायचा तर हात बघू नको बाळ्या, कान बघ. ज्याला काय बोलायची सोय न्हाई, त्याच्याभोवती टीम बांधायची न्हाई." मी म्हणालो, दाजींचा काय दोष? ते तर विचारत होते. दोष आपल्या तोंडांचा. कानाला काय करायचंय, बोलणारे बोलले नाहीत. यावर आपण किती वर्षं घासाघीस केली! तू म्हणायचास कान, मी म्हणायचो तोंड. आणि दोघांनाही वाटायचं की समोरच्याला अक्कल नाही.

एक गोष्ट मात्र तू करून दाखवलीस. पुढच्या यात्रेपासून तू स्वतःला शिव्या खायला मोकळं ठेवलंस. बॉल जरा इकडेतिकडे गेला की मी तोंडाला येईल ते बोलायचो. तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. तुझ्या चेहऱ्यावरची माशी हलायची नाही, आणि पुढचा बॉल नेमका माझ्या हातावर यायचा. पोरंही शिकली. अठरा वर्षांचा अक्षय, माझ्या चुलत्याचा नातू, तोही तुला "काका, झोपला का?" म्हणायचा आणि तू मान डोलवायचास. गावात तुला एवढा मान, पण मैदानावर तुला कुणीही काहीही बोलावं. टीम तुझ्याभोवती बांधलेली होती ती अशी, हे मला आज कबूल आहे. लिहून देतो. तुला हवं होतं ना?

आता शेवटच्या संध्याकाळचं.

हायवेवरच्या हॉटेलात आपण बसलो होतो. तू बोटं चोळत होतास. म्हणालास, बोटं दुखतात आता, यात्रेला नवा लिफ्टर उभा करू. मी म्हटलं, त्यात विचार कसला, नारायणगावचा सागर आणू. विद्यापीठाकडून खेळलेला पोरगा, नम्र, मीच सांगितलं तर नाही म्हणणार नाही. तू म्हणालास, "सागरचं हात सोन्याचं हायेत. पण रामदासला उभा कर." मला हसू आलं. रामदास म्हणजे आपला मोटार रिवायंडिंगवाला, घाटघरहून येऊन इथे दुकान टाकलेला. हात बरे आहेत, पण बरेच. आणि तोंडाने फटकळ. मोटार घेऊन गेलं की गिऱ्हाईकाला आधी बोलून घेणार. मला स्वतःला त्याने सुनावलं होतं, "नाना, मोटार जळली न्हाई, तुमी जाळली. इहिरीत पाणी न्हाई आन् मोटार चालू ठिवता." मी म्हटलं, विलास, त्याच्याभोवती टीम बांधायची? का म्हणून? तू म्हणालास, सांगतो. तेवढ्यात तुझा फोन वाजला. ओढ्यापलीकडे लाईट आली होती. तू उठलास. "मोटार टाकून येतो, मग सांगतो," म्हणालास. मी तुझ्या वाटेकडे बघत बसलो, मग घरी गेलो. म्हटलं, उद्या भांडू.

त्याच आठवड्यात एका सकाळी तू टोमॅटोच्या सरीत खाली बसलास, आणि वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा...

ते मी लिहिणार नाही.

तू गेल्यावर काही दिवस नेट बांधलं गेलं नाही. मग यात्रा जवळ आली, आणि पोरं म्हणाली की विलासकाकांना खेळ बंद पडलेला आवडला नसता. नेट बांधलं. तुझ्या जागेवर रामदास उभा राहिला. कायमचा लिफ्टर कोण, सागर की रामदास, हे मी ठरवायचं होतं. कॅप्टन मी, आणि सागरला आठवडाभरात काय ते कळवायचं होतं. तू गेलास आणि तुझं कारण सांगायचं राहिलं. माझ्याकडे फक्त तुझा शब्द होता. मेलेल्या मित्राचा शब्द पाळावा, असं सगळे म्हणतात. पण आपण एकमेकांचा शब्द जिवंतपणी कधी निमूट पाळला नाही. मग आता का पाळू?

आणि रामदासचा बॉल मला लागेना. पहिल्याच दिवशी मी उडी मारली तर बॉल बोटांच्या टोकाला घासून मागे गेला. पुढचा नेटमध्ये. त्याच्या पुढचा पुन्हा बोटांना. मी म्हणालो, रामदास, उंच देतोयस. तो म्हणाला, बरं. पण पुढचा बॉल तेवढाच उंच. असं रोज. बाकीचे काय करत होते? "चालतंय, नाना." "होतंय, नाना." मैदानावर कधी नव्हती एवढी शांतता. तुझ्या जागेवर उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी काही बोलेना, मलाही कुणी काही बोलेना. तुझ्या जाण्याने सगळ्यांच्या जिभा मऊ झाल्या होत्या. मी मनात ठरवून टाकलं, सागरलाच आणायचं. विलास, तू चुकलास. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं. इतक्या वर्षांनी एक भांडण जिंकलो.

शुक्रवारी संध्याकाळी माझा ताबा सुटला. सलग तीन बॉल हुकले आणि तिन्ही वेळा मागून "चालतंय, नाना." मी बॉल आपटला आणि रामदासवर ओरडलो. त्या मैदानावर तू गेल्यापासून तुझं नाव कुणी घेतलं नव्हतं, ते मी घेतलं.

"डोळं फुटलं का तुझं? इलासच्या जागंवर उभा हाईस, त्याची तरी लाज राख."

 अक्षय खाली बघायला लागला. रामदासने बॉल उचलला, चालत माझ्यापाशी आला. रागावलेला नव्हता. दुकानात मोटार उघडून दाखवताना असतो तसाच चेहरा.

"नाना, बॉल जागंवर हाय. उडी तुमची कमी झाली," तो म्हणाला. "इलासभाऊ तुमचा बॉल वीतभर खाली ठिवायचे. एकट्या तुमचाच."

मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस. त्याने वाद घातला नाही. मी बाकीच्यांकडे बघितलं. एकेकाचा चेहरा बघितला, आणि मला कळलं की हे सगळ्यांना माहीत आहे. अक्षयला माहीत आहे. बाजूला बसून बघणाऱ्या म्हाताऱ्यांनाही माहीत असावं. तुला माहीत होतंच. माहीत नव्हतं ते फक्त मला.

रामदास हळू आवाजात म्हणाला, "मला शिकवताना त्यांनी सांगून ठिवलं व्हतं. म्हणाले, बाळ्याला माझ्यासारखा खाली देऊ नको, वर दे. तो तुझ्यावर वराडंल. मंग त्याला खरं काय ते सांग. माझ्यानं न्हाई झालं."

विलास, मी मैदानातून निघून गेलो. ओढ्याच्या कडेला जाऊन बसलो. आणि तुला ज्या शिव्या दिल्या त्या तू जिवंत असताना कधी ऐकल्या नसशील. गेल्या काही यात्रांमध्ये मी स्मॅश मारले, टाळ्या घेतल्या, मिशांना पीळ दिला. तुला हॉटेलात बसवून सांगितलं की बघ, या वयातही पॉइंट मीच काढतो, टीम स्मॅशरभोवतीच असते. तू ऐकत होतास. बिस्कीट चहात बुडवत होतास. मान डोलवत होतास. तुझ्या जागी मी असतो तर मी तिथेच फुटलो असतो.

दाजींच्या वेळी आपण सगळे हसलो होतो ना, की जावयापुढे गावाची वाचा बसते? दाजी निदान एका सामन्यापुरते जावई होते. मी कितीतरी वर्षं जावई होतो आणि मला टोपी-टॉवेलसुद्धा मिळाला नाही. सगळी टीम माझ्या गुडघ्याला सोयीची पडेल अशी उभी केलेली होती, आणि मी समजत होतो की ती माझ्या जोरावर उभी आहे.

राग उतरायला वेळ लागला. मग दुसऱ्या बाजूनेही विचार केला. चार जणांना बॉल नेहमीच्या उंचीवर द्यायचा आणि पाचव्याला वीतभर खाली. तेही असं की त्याला कळू नये, समोरच्या टीमला कळू नये. घाईत, घामात, दुखऱ्या बोटांनी. प्रत्येक बॉलला. हे मला करता आलं असतं का? नाही. सागरला येईल का? हातांनी येईल, पण तो का करेल? तू मला जीव लावलास, आणि तो लावायची जागा तुझ्याकडे नेटवरची तेवढी वीतभरच होती. तुझे उपकार आहेत माझ्यावर. ते मी मानतो आणि तरीही म्हणतो की तू चुकलास. तू मला सांगायला पाहिजे होतंस. दाजींना न सांगून आपण एक सामना हरलो, मला न सांगून तू अक्षयच्या उडीची दोन-तीन वर्षं वाया घालवलीस. तो पोरगा माझ्या मागे उभा राहून वाढला.

आता आपल्या भांडणाचा निकाल ऐक. तू म्हणायचास, लिफ्टरचे कान बघ. मी म्हणायचो, स्मॅशरचं तोंड बघ. दोघंही अर्ध्यावर होतो. लिफ्टरला ऐकता आलं पाहिजे हे खरंच, पण त्याला बोलताही आलं पाहिजे, आणि तेही टीममधल्या सगळ्यांत मोठ्या आवाजाच्या माणसाला. तू ऐकण्यात गावात पहिला होतास, पण माझ्याशी बोलण्यात कच्चा राहिलास. आणि तुला ते माहीत होतं, म्हणून तू तुझ्यासारखा लिफ्टर शोधलाच नाहीस. तुझ्यात जे नव्हतं ते ज्याच्यात आहे असा शोधलास. जाताना माणूस आपली गादी आपल्यासारख्याला देऊन जातो. तू नाही दिलीस. हॉटेलात तू जे सांगणार होतास ते हेच असावं, आणि फोन वाजला तेव्हा तुला सुटल्यासारखं वाटलं असावं. किती घाईने उठलास रे!

शनिवारी सकाळी मी सागरला फोन करून नको म्हणून सांगितलं. तो बिचारा म्हणाला, काही हरकत नाही नाना. मग रामदासच्या दुकानात गेलो. तो एका मोटारीची जुनी तार उपसत होता. मी म्हटलं, यात्रेत लिफ्टर तू. टीम तुझ्याभोवती बसवू. कोण कुठे उभं राहील ते तू सांग. मला वाटलं, तो जरा लाजेल, नाना तुम्ही सांगाल तसं म्हणेल. त्याने हात पुसले आणि म्हणाला, अक्षय पुढे, तुम्ही मागे. एवढंच. चहासुद्धा विचारला नाही. मी दुकानातून बाहेर आलो तेव्हा गुडघा दुखत होता, आणि तो दुखतोय हे मी स्वतःशी पहिल्यांदा मोकळेपणाने म्हणालो.

आपल्याकडच्या सामन्यात जागा फिरत नाहीत, ज्याची त्याची ठरलेली. त्यामुळे इतक्या वर्षांत मी मागच्या ओळीत कधी उभा राहिलोच नव्हतो. नेटजवळून मला कायम वर चढणारा बॉल दिसायचा. तो देणारा दिसायचा नाही, त्याच्याकडे बघायला वेळच नसायचा. काल सरावाला मागे उभा राहिलो तर समोर लिफ्टरची पाठ. तो केवढं करतो ते इथून दिसतं. बॉल येण्याआधी तो दोन्हीकडे नजर टाकतो, कोण दमलंय, कोण तयार आहे. तुझी पाठ मी अशी कधीच बघितली नाही. विलास, मला तुझी फार आठवण आली. मैदानात डोळे पुसायची सोय नव्हती, समोरून सर्व्हिस येत होती.

बॉल माझ्याकडेच आला. मी दोन्ही हात जोडून घेतला, पुढे दिला, आणि सवयीने तोंडातून गेलं, "इलास, घे!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. रामदासने मात्र मान वळवली नाही. खाली आलेला बॉल वाकून बोटांवर घेतला, अक्षयला वर दिला, पुरा वर. अक्षय उडाला. समोरच्यांना बॉल दिसलासुद्धा नसेल. पोरं ओरडली, बाकावरची म्हातारी माणसं उठून उभी राहिली. मी हसत होतो आणि रडत होतो, कुणी बघू नये म्हणून पायाने माती सारखी करत होतो. सगळे माझ्याकडे बघायचं टाळत होते, पुन्हा तीच शांतता बसणार असं वाटत होतं. तेवढ्यात रामदास नेटकडून वळला.

"नाना, पास खाली येतोय. वर द्या."

दिला, विलास. पुढचा वर दिला.